सोपं वाक्य कुठून येतं?

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या आमच्या वाचक मंडळाने मिलिंद बोकील यांच्या लेखनावर चर्चा ठेवली होती. तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवरचं छोटं सभागृह, चाळीसेक माणसं. बरीचशी नौपाडा-पाचपाखाडीतली, काही ऐरोली-कोपरखैरण्याहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने आलेली. पहिल्या वीस मिनिटांतच दोन तट पडले. एक तट म्हणत होता, ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली आणि आजही नववी-दहावीची मुलं ती ग्रंथालयातून मागून नेतात, तिच्यावर चित्रपट झाला, मग लेखक मोठा आहे याला आणखी काय पुरावा हवा? दुसरा तट म्हणत होता, हाच तर तो मोठा नसल्याचा पुरावा आहे. जे सगळ्यांना कळतं, सगळ्यांना आवडतं, दोन रात्रींत वाचून होतं, त्याला वाङ्मय कशाला म्हणायचं? बोकिलांना शैलीच नाही, असं एक निवृत्त प्राध्यापक ठामपणे म्हणाले. समोरच्या तटाकडे त्यावर उत्तर नव्हतं, कारण शैलीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला आवृत्त्यांचा आकडा हे उत्तर होत नाही. दीड तास चर्चा चालली. त्या दीड तासात पुस्तक कोणी उघडलं नाही.

हा वाद ठाण्यापुरता नाही आणि बोकिलांपुरताही नाही. मराठीत जो जो चांगला लेखक लोकांना आवडतो, त्याच्या वाट्याला तो येतो आणि दर वेळी असाच वाईट लढवला जातो. दोन्ही तट पुस्तक बाजूला ठेवून वाचकांची डोकी मोजतात. एक तो आकडा अभिमानाने सांगतो, दुसरा आरोप म्हणून. माझं म्हणणं असं आहे: बोकिलांना शैली आहे, ती मराठी गद्याच्या सर्वांत जुन्या वाटेवरची आहे, आणि ती आपल्याला दिसत नाही कारण आपण त्यांचं एकच पुस्तक वाचतो. कादंबरीकाराची शैली त्याच्या सगळ्या कामात मिळून असते. बोकिलांच्या बाबतीत ‘सगळं काम’ म्हणजे फक्त कथा-कादंबऱ्या नव्हेत. ग्रंथालयात ज्यांना आपण ‘समाजशास्त्र’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात ठेवतो, ती पुस्तकंही त्यात येतात. ती दोन कपाटं एकत्र उघडल्याशिवाय या लेखकाचं सोपं वाक्य कुठून येतं ते कळत नाही.

आधी ‘शाळा’च उघडू. मुकुंद जोशी नववीत आहे आणि त्याला एक मुलगी आवडते. तिला तो मनातसुद्धा ‘शिरोडकर’ म्हणतो. एवढी शेकडो पानं, त्यात तिची वाट बघणं आहे, तिच्या घरावरून जाणं आहे, तिच्याशी बोलण्याच्या युक्त्या आहेत, आणि तरी ती शिरोडकरच राहते. हे वाचताना आपल्याला काहीच खटकत नाही, कारण आपण सगळे अशाच वर्गांत बसलो आहोत. पण थांबून बघा. आडनाव हे हजेरीपटावरचं नाव आहे. सर पुकारतात ते नाव, परीक्षेच्या पेपरावर लिहायचं नाव. या मुलाकडे आपलं सगळ्यांत खाजगी सुख-दुःख ठेवायला शाळेनेच दिलेला शब्द आहे, दुसरा नाहीच. सुऱ्यासारख्या त्याच्या मित्रांकडे प्रेमासाठी ‘लाइन’ हा एक शब्द आहे आणि मुकुंदला जे होतंय ते त्या शब्दात मावत नाही, हे त्याला कळतं. पण मावेल असा शब्द त्याला लेखक देत नाही. दुसऱ्या कोणी इथे चांदणं आणलं असतं, पारिजातकाचा सडा घातला असता. बोकील तसं करत नाहीत. नववीतल्या मुलाला जेवढी भाषा असते तेवढीच ठेवतात, आणि न मावलेलं सगळं आपल्या अंगावर येतं. शेवटी शिरोडकर निघून जाते तेव्हा आपला गळा दाटतो तो या शिलकीमुळे. ‘कोणीही लिहील’ असं म्हणणाऱ्याने बसून एकदा असं पान लिहून बघावं, ज्यात निवेदकाला ठाऊक नसलेला एकही शब्द नाही आणि तरी त्याला ठाऊक नसलेलं वाचकाला कळतं.

मग ही शैली दिसत का नाही? कारण आपण ‘शैली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात नक्कल करता येण्यासारखी लकब असते. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’ हे शब्द एका अख्ख्या पिढीच्या तोंडी बसले. तिथे शैली आहे हे सांगायला समीक्षक लागला नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर ती ऐकू येत होती. कथाकार जी. ए. कुलकर्णींची शैलीही अशी लांबून ओळखू येते. या दोघांचं मोठेपण मी कमी लेखत नाही, ‘कोसला’ने मला विशीत सावरलं आहे. पण ओळखू येणं ही शैलीची एक जात झाली. दुसरी जात अशी, की वाक्य स्वतः बाजूला होतं आणि माणूस दिसतो. तिची नक्कल करता येत नाही, कारण नक्कल करायला पकडावं असं काही ती वर ठेवत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना शैली नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? ‘बनगरवाडी’ १९५५ ची. माडगूळकरांची तीन-चार शब्दांची वाक्यं, धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर, मोजकं बोलणारी माणसं. तिथे आपण त्या साधेपणाला कला म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग तोच साधेपणा मेंढरांच्या वाडीऐवजी निमशहरातल्या नववीच्या वर्गात आला की तो अचानक ‘सोपेपणा’ कसा होतो? मला यात आपल्याच जागेबद्दलचा न्यूनगंड दिसतो. माळरानाला भाषा असते, जुन्या वाड्याला भाषा असते, आणि ठाणे-डोंबिवलीसारख्या ठिकाणच्या वन-रूम-किचनला ती नसते, तिथलं बोलणं म्हणजे निव्वळ बोलणं, असं आपण धरून चाललो आहोत. ज्यांचं आयुष्य याच खोल्यांमध्ये गेलं ते असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं.

आता सातशे वर्षं मागे जाऊ या. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ कसा तयार झाला? महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात त्यांचे अनुयायी म्हाइंभट गावोगाव हिंडले. स्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, ज्यांच्याशी ते बोलले होते, त्या माणसांना गाठून त्यांनी विचारलं: तेव्हा काय झालं, ते काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. सांगणाऱ्यांच्या आठवणी जिथे एकमेकींशी जुळत नव्हत्या तिथले फरकही त्या परंपरेने जपले. लहान वाक्यं, प्रश्न-उत्तरं, जेवणखाण, वाटचाल, रुसवे. म्हणजे मराठी गद्याचा पाया कोणा पंडिताच्या बैठकीत घातला गेला नाही. तो वहाणा झिजवून, माणसांचं ऐकून घेऊन घातला गेला. पुढे केशिराजबासांसारखे संस्कृतात लिहू शकणारे विद्वान पंथात असताना स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, का तर साध्या अनुयायांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना संस्कृतातलं काही कळणार नाही म्हणून. सोपं वाक्य हा तिथे कुवतीचा प्रश्न नव्हता. लेखन कोणासाठी आहे याचा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ठाणेकरांना तर हे विसरायचा अधिकारच नाही. १८९३ साली आपल्याच गावात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे वि. ल. भावे हेच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे झाले, आणि महानुभावांच्या वाङ्मयाची मराठी वाचकांना ओळख करून देणाऱ्या पहिल्या पिढीतल्या अभ्यासकांत ते होते. त्याच गावातल्या सभागृहात सोप्या गद्याला शैली नसते असं ठरावासारखं बोललं जातं, हे मला लागलं.

बोकील या वाटेवरचे आहेत असं मी म्हणतो ते कवित्व म्हणून नव्हे. ते समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. ‘जनाचे अनुभव पुसतां’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे, आणि मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या लेखनाला हेच नाव शोभेल. ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ हे त्यांचं पुस्तक आमच्या चर्चेला आलेल्या चाळीस जणांपैकी दोघांनी वाचलं होतं. कातकरी आपले शेजारी आहेत. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढण्याच्या कामावरून त्यांचं नाव पडलं, ते काम गेलं, आणि पुढे कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या आल्या. पावसाळा संपला की वाडी ओस पडते आणि कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर मुक्कामाला जातात. आपल्या शहरांतल्या कितीतरी भिंतींच्या विटा त्यांच्या हातच्या आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी हा एक. त्यांच्याबद्दल लिहिताना दोन मोह असतात: एक कळवळ्याचा आणि दुसरा परिभाषेचा. कळवळ्याने माणूस लहान होतो, परिभाषेने नाहीसा होतो. हे दोन्ही टाळून लिहायचं तर वाक्य तपासून घ्यावं लागतं. हे मला दिसलं आहे का, की मी धरून चाललोय? हा शब्द त्यांचा आहे की माझा? ही सवय एकदा हाताला लागली की ती कादंबरी लिहिताना सुटेल कशी? शिरोडकरला हजेरीपटावरच्या नावाशिवाय दुसरं नाव न देणारा हात तोच आहे.

‘गोष्ट मेंढा गावाची’ घ्या. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क सरकारकडून मिळवणारं. गावाचे निर्णय तिथे बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचं जरी पटत नसेल तरी बोलणं चालू राहतं. मला हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यातली वाक्यरचनाही त्या सभेसारखी आहे. कोणी घाई करत नाही. निष्कर्ष आधी ठोकून मग माणसांना साक्षीला बोलावलं जात नाही. नाव बघा: ‘गोष्ट’. अहवाल नाही, अभ्यास नाही. समाजशास्त्राचं पुस्तक गोष्टीसारखं सांगणारा आणि कादंबरी नोंदीच्या प्रामाणिकपणाने लिहिणारा एकच माणूस असेल, तर त्याची शैली एका कपाटात कशी सापडेल?

आता समोरच्यांचे मुद्दे. ‘शाळा’ म्हणजे नुसतं स्मरणरंजन, हा त्यातला एक आरोप, आणि तो पोकळ नाही. ‘शाळा’ आवडणाऱ्यांपैकी निम्मे जण पुस्तकापेक्षा स्वतःची नववी वाचत असतात, हे मी कबूल करतो. मीही पहिल्यांदा तसंच वाचलं. मी तेव्हा तुर्भ्याला नोकरीला होतो, गाडीत पुस्तक उघडायचो आणि घणसोली येईपर्यंत माझ्याच वर्गातल्या बाकावर जाऊन बसायचो. पण वाचक पुस्तकाचा उपयोग कशाला करतो हा पुस्तकाचा दोष नव्हे. ‘शाळा’चा काळ कोणता? १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, आणि त्याच जूनमध्ये या मुलांचं नववीचं वर्ष सुरू होतं. वर्गात शिस्त, घरात धाक, आणि बाहेर अख्ख्या देशाला शिस्त लावण्याचं काम चाललेलं. मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात आणि मुलं अर्ध्या ऐकलेल्या वाक्यांचा अर्थ लावत बसतात. या सगळ्यात मुलांची मोकळी जागा कोणती, तर अर्धवट बांधलेली एक इमारत, जिला अजून दारं नाहीत, जिच्यावर अजून कोणाची सत्ता नाही. हे स्मरणरंजन आहे? स्मरणरंजनाला जुना काळ गोड लागतो. इथे एक मुलगा पहिल्यांदा मोकळं होऊ बघतो तेच वर्ष लेखकाने असं निवडलं आहे की देशात मोकळेपणाला मज्जाव आहे, आणि ते तो एकदाही बोट दाखवून सांगत नाही. बोट दाखवलं नाही म्हणून ते नाहीच, असं आपण म्हणायचं का? हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ मधून ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिली ती नायिका यमूच्या घरगुती बोलीत. तीस वर्षं आधीच्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीची अलंकारांनी जड झालेली भाषा त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी घेतली नाही. साप्ताहिकाचं नावच ‘करमणूक’, आणि त्यातून त्यांनी समाजाच्या वर्मावर बोट ठेवलं. करमणूक होते म्हणून आशय नाही, हा न्याय लावला तर मराठी कादंबरीच्या इतिहासाचं पहिलंच मोठं पान फाडावं लागेल.

दुसरा आक्षेप मला जास्त मान्य आहे. या शैलीला तिची जोखीम आहे. स्वच्छ वाक्य लिहिण्याची सवय झाली की पात्रंही कधी कधी जरुरीपेक्षा स्वच्छ बोलू लागतात. ‘समुद्र’ या त्यांच्या कादंबरीत मध्यमवयीन जोडपं समुद्रकिनारी राहायला येतं आणि बायकोच्या आयुष्यातली एक झाकलेली गोष्ट नवऱ्यासमोर उघडी होते. विषय आगीसारखा आहे. पण काही पानांवर दोघं एकमेकांना इतकं क्रमवार समजावून सांगतात की मला वाटलं, इथे कोणीतरी अडखळायला हवं होतं, कोणीतरी नुसतं उठून गॅलरीत जायला हवं होतं. माणूस दुखावला की त्याचं व्याकरण आधी मोडतं. ‘एकम’ या कादंबरीतली एकटी राहणारी, पिणारी लेखिका देवकी मला जास्त खरी वाटली, कारण तिच्या एकटेपणाला समोर कोणी समजून घेणारं नाही आणि म्हणून समजावून सांगण्याची गरजही कमी. हा दोष मी दाखवतो आहे तो लेखक नावडता आहे म्हणून नाही. आमच्या त्या सभेत बोकिलांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी असं एकही वाक्य उच्चारलं असतं तर त्यांचं कौतुक ऐकायला समोरचे तयार झाले असते. जिथे काहीच कमी नाही असं सांगितलं जातं, तिथे नीट वाचलेलं नाही असा संशय येतोच. ‘लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असं नेमाड्यांनी विचारून कित्येक दशकं झाली. त्यांचा रोख लेखकांवर होता, पण लेखकराव एकटा होत नाही. हारतुरे घेऊन उभे असलेले आपण वाचक त्याला मदत करतो.

सगळ्यांत अवघड मुद्दा सभेत मांडला गेलाच नाही. तो मला नंतर, जिन्यात, एका मुलीने सांगितला. कोपरखैरणे गावात राहणारी, आगरी कुटुंबातली, अकरावीत शिकणारी. ती दीड तास गप्प बसली होती. म्हणाली, “काका, सगळे सोपं सोपं म्हणत होते. मला ते सोपं नाही गेलं. आमच्या घरी ‘शाळा’ कोणी म्हणत नाही, ‘शाला’ म्हणतात. जोशी छान बोलतो. पण हे पुस्तक सुऱ्याने सांगितलं असतं तर?”

मी जिन्यात उभा राहिलो. या प्रश्नाला टाळी देऊन पुढे जाता येत नाही. प्रमाण मराठी पारदर्शक वाटते ती ज्याच्या घरात ती बोलली जाते त्याला. माझ्या घरात बोलली जायची, म्हणून मला ती काच वाटली; तिला ती भिंत वाटली असणार, रंगवलेली, नीटनेटकी. हा धडा मराठीला एकदा मिळालेला आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द दादर-पुण्याच्या वाचकांना ठाऊक नव्हते, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांची कबुली दिली. तोवर ‘समजतं’ आणि ‘समजत नाही’ हे कोणाच्या बाजूने ठरवायचं, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता. मग मी ज्याला साधेपणा म्हणतो आहे तो एका जातीच्या, एका वर्गाच्या घरातला साधेपणा आहे का?

अंशतः आहे. हे मी मागे घेणार नाही. पण याचं उत्तर बोकिलांनी सुऱ्याच्या तोंडून कादंबरी लिहायला हवी होती हेही नव्हे. तसं केलं असतं तर तीच मुलगी, आणि बरोबरच, म्हणाली असती की आमचं बोलणं यांनी बाहेरून उचललं. जोशी सांगतो आहे तर जोशीच्या कानाला ऐकू येईल तेवढंच पानावर येणार, ही त्या कादंबरीची शिस्त आहे. आणि त्या शिस्तीतही सुऱ्याची भाषा जोशीच्या भाषेत विरघळवलेली नाही. तो बोलायला लागला की पान वेगळं वाजतं, शिव्या धुऊन घेतलेल्या नाहीत, वाक्यं व्याकरणाला भीक घालत नाहीत, आणि जोशीला त्याचं बोलणं हवंहवंसं वाटतं हेही लपत नाही. हा ऐकणाऱ्याचा गुण आहे: समोरच्याच्या आवाजाचा अनुवाद न करणं. दुसरं असं की तिचा आक्षेप एका लेखकापेक्षा आपल्या कपाटावर जास्त आहे. ज्या मंडळात प्रमाण मराठीतली दहा पुस्तकं चर्चेला येतात आणि कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या, वऱ्हाडातल्या बोलीत लिहिणाऱ्यांची ‘भाषा कठीण आहे’ म्हणून पुढे ढकलली जातात, तिथे दोष कोणाचा? नवी मुंबई ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर उभी राहिली त्यांच्या बोलीतलं एकही पुस्तक आम्ही इतक्या वर्षांत घेतलेलं नाही, हे त्या मुलीने न सांगता सांगितलं. सोपं लिहिणाऱ्याला मोठा म्हणा किंवा लहान म्हणा, हा वाद आम्हाला त्या कबुलीपासून वाचवत होता.

म्हणून मला वाचकांच्या कौतुकाबद्दलच आग्रहाने बोलायचं आहे. कौतुक ही समीक्षेपेक्षा खालची गोष्ट आहे असं मी मानत नाही. विद्यापीठातला अभ्यासक पुस्तकाकडे पगाराने येतो, वाचक ओढीने येतो, आणि ओढीने आलेला माणूस अनेकदा जास्त वेळ थांबतो. पण त्याने कुठलं पान आवडलं ते सांगितलं पाहिजे. ते पान आपण का परत उलटून वाचलं, कुठल्या पानावर कंटाळलो, दुसऱ्या पुस्तकात तोच हात कुठे भेटला, हे सांगितलं पाहिजे. ‘फार छान, मनाला भिडलं’ एवढ्यावर थांबलं की समोरच्याला ‘शैलीच नाही’ म्हणायला रान मोकळं होतं. फडके-खांडेकरांच्या नावाने कला की जीवन हा वाद या भाषेत वर्षानुवर्षं चालला. त्यातल्या घोषणा आजही लोकांना पाठ आहेत. त्या वादात कोणी कोणाच्या एखाद्या परिच्छेदाबद्दल काय म्हणालं, हे किती जणांना आठवतं? सभागृहातली भाषणं विरतात आणि पुस्तकं उरतात, तर बोलणं पुस्तकाला धरून असलेलं बरं.

ग्रंथालयांची खरेदीही याच बोलण्यावर ठरते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सभासद जे नाव घेतात ते पुस्तक घेतलं जातं. मी ज्या ग्रंथालयाचा सभासद आहे तिथे ‘शाळा’च्या पाच प्रती आहेत, पाचही फिरून फिरून मऊ झालेल्या, एकीची पाठ सेलोटेपने चिकटवलेली. ‘गवत्या’ आणि ‘समुद्र’ची प्रत्येकी एक. ‘मेंढा’ दुसऱ्या दालनात, ‘कातकरी’ त्याच्याही मागे, आणि तिच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के मोजून सात. आपण कौतुक करतो त्याच पुस्तकाचं पुन्हा कौतुक करत राहिलो, तर लेखकाचं बाकी काम कपाटातच म्हातारं होणार आणि मग एक दिवस कोणीतरी उभं राहून म्हणणार की या लेखकाचं एकच तर पुस्तक आहे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी दोन सूचना केल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. येणाऱ्याने पुस्तक हातात घेऊन यायचं आणि बोलण्याआधी त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. प्राध्यापकांनी ‘मेंढा’ निवडलं, याचा मला मनापासून आनंद झाला. मला स्वतःला ‘कातकरी’ वाचून दाखवायचं होतं. परवा आणायला गेलो तर प्रत जागेवर नव्हती. वहीत बघून काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कोपरखैरण्याची एक मुलगी घेऊन गेली आहे, तिने मुदतही वाढवून घेतली आहे.